आपण शिरलो तो प्रसंग

लिव्हरपूल, १९४१

प्रिय विल्फ्रेड,

तुझी गोदीतली पाळी उशिरा सुटायची. सिनेमाचे खेळ दिवसभर लागोपाठ चालायचे, म्हणून आपण मध्येच शिरायचो. आधी शेवट बघायचा, मग सुरुवात. आपण शिरलो तो प्रसंग आला की तू कोपर मारायचास, "चल गं, इथेच आलो होतो."

हवाई हल्ल्याचा भोंगा झाला तरी तू हलायचा नाहीस. "त्या जर्मनांपायी तिकीट वाया घालवू होय?"

मग तू गोदी सोडून जहाजावर गेलास. ते तुझ्यासकट बुडाल्याची तार परवा आली. काल आपण दोघांनी पाहिलेलाच एक सिनेमा पुन्हा लागला होता. एकटीच गेले. तो प्रसंग आला, कोपर काही लागलं नाही. सिनेमा संपला तरी बसून राहिले. जागा दाखवणारी ग्लॅडिस बॅटरी घेऊन आली.

"एडना, शेवट झाला गं. घरी नाही जायचं?"

म्हटलं, "थांब, आता सुरुवात लागेल."

तुझीच,
एडना