आवाज चढला म्हणून

प्रिय आईस, सातासमुद्रापलीकडूनच पाया पडते.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे गुडघे कसे आहेत?

काल आमच्या बालकल्याण कचेरीत एक कृष्णवर्णीय आई आली. कचेरीनं ताब्यात घेतलेल्या मुलाला भेटू द्या म्हणताना तिचा आवाज चढला, तर आमच्या गोऱ्या साहेबीणबाईंनी लगेच पहारेकऱ्याला बोलावलं. परवा एक गोरी आई याहून मोठ्यानं ओरडली, तेव्हा तिला पाणी दिलं होतं. हा फरक का, असं मी सगळ्यांसमोर विचारलं.

"शेवटी तुम्हीही त्यांच्यातल्याच," बाई म्हणाल्या.

"हो, त्यांच्यातलीच," म्हटलं आणि त्या आईला माझ्या खुर्चीत बसवलं. पहारेकरी मागे फिरला.

उद्या मला वरच्या साहेबांनी बोलावलंय. नोकरीवर बेतेलही. बाबांना एवढ्यात सांगू नकोस. पण माफी मी मागणार नाही.

तुझी तोंडाळ लेक