ताईची माडी

१२ फेब्रु. १९६१, रवि.
कॅम्प-१ मध्ये ताईकडे जेवलो. भाऊजी स्टील प्लांटमध्ये रिगर, जड लोखंड दोरांनी वर चढवतात. सुट्टीतही बसत नाहीत, घरावर माडी चढवून राहिले. वरची खोली बेबीसाठी. भाची औंदा मॅट्रिकला, अन् खाली गावाकडून नोकरीले आलेली माणसं झोपलेली. पोरीले पुस्तक उघडाले जागा नाही. मी भिलाईत आलो तवा मीबी त्याच ओसरीत पडून राहायचो.
ताई म्हणे, "उन्हाळ्याच्या आधी छपरावर कवेलू चढले पाह्यजे."
त्या भागात नियम एकाच मजल्याचा, बारा फुटांच्या वर बांधकाम चालत नाही. मले नाही तर कोणाले माहीत? बांधकामं तपासणाऱ्या ऑफिसचा टेप घेऊन मीच फिरतो. वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. बोललो नाही.

१४, मंगळ.
साहेब : "कैंप में कोई ऊपर चढ़ा रहा है. नाप के आओ." गल्ली सांगितली. ताईचीच. माझ्या बहिणीचं घर हाये, दुसऱ्या कोणाले पाठवा, एवढं म्हणता आलं असतं. पण मी टेंपररी. परमनंटचं याच महिन्यात होणार...

१५, बुध.
मापलं. टेपचं दुसरं टोक भाऊजींनीच धरलं. त्यांना वाटलं, मी मदतीले आलो. गल्ली जमली. मग सांगितलं, "हे पाडा लागन."
ताई : "तुले रविवारी माहीत होतं?"
मी टेप गुंडाळत राहिलो.
"विटा पाह्यल्या, जेवला, अन् बोलला नाही. कावून रे?"
तोंड लपवाले जागा नाही, म्हणून नियम सांगत सुटलो. भिंत कच्ची, पाया कमी, सगळ्या गल्लीले ऐकू जाईल असं. बेबीनं शेजारच्या शेठजीच्या दुमजली घराकडं बोट केलं. "मामा, और वो?"
म्हटलं, "ते वेगळं."
काय वेगळं?

१९, रवि.
ऑफिसची माणसं यायच्या आत भाऊजींनी स्वतःच माडी उतरवली. विटा तरी साबूत राहतात. हात लावाले गेलो होतो. ताई डोक्यावर विटा घेऊन उतरताना दिसली. गल्लीच्या तोंडूनच परतलो.

२१, मंगळ.
परमनंट झालो. साहेब : "अच्छा काम किया." ऑफिसात पेढे मागत होते, दिले नाहीत. शेठजीच्या घराचं विचारलं. "उसका रहने दो."

२४, शुक्र.
शेठजीचं घर मापलं. कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला. घेतला नाही. साहेबांसमोर उभं राहून उंची सांगितली. त्यांनी मान वर केली नाही. "कल आना. सोच के आना."
तिथून सरळ ताईकडे. वाटलं, आयकून बरं वाटन त्यांना. भाऊजी भिंतीले टेकून बसले होते. म्हणाले, "त्याची पाडली तर आमची उभी राह्यते का?"
ताई चुलीपाशी. उठली नाही.
बेबी दारात बसून वाचून राह्यली होती. मले आत जाता यावं म्हणून पुस्तक पोटाशी धरून सरकली. मी बाहेरच उभा.
साहेबाले उद्या काय सांगू? मापलं ते नियम सगळ्यांले एकच म्हणून, का ताईनं परत घरात घ्यावं म्हणून... मलेच समजून नाही राह्यलं.