जनाकाकींचा शेवटचा बुधवार

प्रिय जनाकाकी,

काल तुमची नंदा समुपदेशन केंद्रावर आली होती. तुमची वही माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, तुम्हीच आईला माणसात आणलंत. पण शेवटी त्या आवाजांनीच नेली तिला." मी मान खाली घातली. खरं काय ते तिला सांगितलं नाही. म्हणून आज लिहितेय.

आठवतं, पोलादपूरच्या त्या खोलीत पहिले तीन बुधवार तुम्ही नुसत्या पंख्याकडे बघत बसला होतात? चौथ्या बुधवारी म्हणालात, "हळू बोल गो बाय, मेलेली सासू ऐकतेय."

गोळ्या चालू होत्याच. मग आपण वहीचं पान मधोमध दुमडलं. एकीकडे सासूचं म्हणणं, दुसरीकडे त्याला पुरावा. सासू म्हणे, भातात विष हाय. तुम्ही मला लिहायला लावलंत, "नंदानं खाल्ला. दोनदा मागून खाल्ला." किती हसलो आपण! पुढे पुढे तर म्हणायचात, "बोलते अजून. बोलूदे. म्हातारीला दुसरा उद्योग काय?"

केवढा अभिमान वाटायचा मला! आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. शिकलेलं कुणाच्या तरी उपयोगी पडताना पहिल्यांदाच बघत होते.

आणि तो शेवटचा बुधवार. खुर्चीत टेकता टेकता तुम्ही म्हणालात, "छातीवर कुणीतरी धोंडा ठेवलाय."

मी लगेच वही उघडली. "कुणी ठेवला, काकी? दिसतोय?"

"दिसत नाय."

"मग पुरावा?"

तुम्ही पदराने घाम पुसलात. "पुरावा नाय गो. पन जड हाय."

मी तुम्हाला शाबासकी दिली! दवाखाना पाच मिनिटांवर होता, काकी. मी तुम्हाला एसटीत बसवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका. नंदाला वाटतं, तो आवाजांच्या धसक्यानेच आला.

माझ्यावर ओरडला का नाहीत? "हा आवाज नाय, मला दुखतंय" असं का नाही म्हणालात? मग वाटतं, म्हणाला असतात तरी मी ते पानाच्या कुठल्या बाजूला लिहिलं असतं?

भांडी घासताना, गाडीची वाट बघताना, "जड हाय" ऐकू येतं. कानाला ऐकू येतं की नुसतं आठवतं, हे तुम्हाला विचारायचे तसं आता स्वतःला विचारते.

रविवारी मी बिरवाडीला नंदाच्या खोलीवर जाणार आहे. ती दारातूनच परत पाठवेल कदाचित. पाठवू दे. पण तुम्ही खरं बोलत होतात आणि मी ऐकलं नाही, एवढं तिला सांगितल्याशिवाय मी पायरी उतरणार नाही.

तुमची,
प्राची