तुह्याबिगर गमत नाही

१२ फेब्रुवारी

आली बाप्पा एकदाची आसेगावले! अंगणातला मांडवही अजून उतरला नाही, अन् सासूबाईनं मले चुलीजवळ फिरकू दिलं नाही. मनकर्णाबाई म्हणजे निव्वळ लोणी. किन्हीराजाच्या माह्या मैत्रिणी म्हणत, निकिता, तुह्या तोंडापुढं कोणती सासू टिकते? टिकली न! सासरे, मामाजी, कमी बोलतात, अन् माहा नवरा पवन त्याहून कमी. पण दिसायले असा, की बाजारात दोन पोट्ट्या वळून पाहत होत्या. मी त्यायच्याकडं असं पाह्यलं, की आता आसेगावात मान वळवणार नाहीत.

सुदानात कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. तिथं लढाई पेटली तेव्हा सरकारनं परत आणलं. तिथलं त्याले विचारू नको, असं सासूबाईनं बजावलं. मी कायले विचारू? मले नवरा पाहिजे, सुदान नाही.

२० फेब्रुवारी

दुपारी जेवण झालं की पवन मागच्या गुरांच्या कोठ्यात जाते. तिथं आता एकही जनावर नाही, कडब्या-कुटाराचा ढीग आहे नुसता. आज मी कोठ्याच्या बांबूच्या तट्ट्याले कान लावला. आत तो बोलून राह्यला होता, हळूहळू, लाडानं. अन् खदखदून हसला! माह्या वाट्याले अजून अर्धं हसू आलं नाही. म्हणे, तुह्याबिगर गमत नाही, जीव रमत नाही.

अंगाची लाहीलाही झाली. मले साधं, जेवली काय, असंही विचारत नाही हा माणूस. फोन तर घरात चार्जिंगले होता. म्हणजे भवानी स्वतः येते, मागच्या बोळीतून. गावातलीच असन.

२३ फेब्रुवारी

आज कोठ्यातून पवनचा आवाज आला, येतो. निरोप घेतला न! सुटला तिच्यापासून, म्हटलं. इतका आनंद झाला, की संध्याकाळी पुरण घातलं. सासूबाईले म्हटलं, तुमचा पोरगा आता माहा झाला.

२६ फेब्रुवारी

आज घुसलीच कोठ्यात. बाई नाही. बोळीकडचं दार बाहेरून बंद. पवन कुटारावर एकटा, बाजूले एका माणसाची जागा सोडून. अन् त्या जागेचं कुटार दबलेलं.

सासूबाईले धरलं. रडत सांगतलं त्यायनं. पोहरादेवीकडचा सेवादास पवनसंग सुदानात एका खोलीत राहे. गोळीबारात पवनसमोर गेला. घरी आल्यावर पवन दोनदा स्वतःच्या जिवावर उठला होता, मामाजीनं ओढून आणला. लग्न झालं की सुधरन, म्हणून माह्या गळ्यात बांधला. मी बायको आहो का औषधाची गोळी?

मग ते 'येतो' आठवलं. तो निरोप घेत नव्हता. मेलेला सेवादास बोलवत होता, त्याले हो म्हणत होता.

अन् मी पुरण शिजवलं.

२७ फेब्रुवारी

मामाजीले म्हटलं, लोक काय म्हणायचं ते म्हणू द्या, याले वाशिमले डोक्याच्या डॉक्टरकडं न्या. उद्याची गाडी सांगतली. पवनले सरळ विचारलं, मराचं मनात येते काय? हो म्हणे. सेवादास एकटा आहे तिथं, म्हणे.

अन् मी? मी कोण आहो मग? मेलेल्या माणसावर जळतो आपण — लाज वाटते — पण जळतो.

२८ फेब्रुवारी

गाडी येऊन राह्यली. पवन कोठ्याकडं निघाला होता. हात धरून कोठ्याच्या पायरीवरच बसवला. एका हातानं लिहून राह्यली, नाही तर मीच ओरडन —

आत, कोठ्यात, कोणी हसलं.

पवन दचकला. म्हणे, तुलेही ऐकू आलं? अन् हसला. माह्याकडं पाहून. पुरतं. काय गोड हसते मेला —

त्याचा दुसरा हात उंबऱ्याच्या आत. ताठ. मूठ वळलेली, कोणाचा तरी हात धरल्यावानी —

सासूबाई हाका मारून राह्यल्या. गाडी आली.

आतून ओढ बसली. मीही ओढते. सेवादास, नवरा माहा आहे, मी नाही सोड —