गाणं परत आलं

प्रिय ताई,

आधी दम घेऊ दे, मग सांगते. आज मी गायले! आपल्या दुकानात, इस्त्री करता करता, तेही खड्या आवाजात! कपडे न्यायला आलेले मास्तर समोरच उभे, त्यांच्या शर्टावर इस्त्री तशीच राहिली आणि पाठीवर हा एवढा डाग पडला. मास्तर रागवायचे सोडून म्हणाले, "बाई, थांबू नका."

आई गेली तेव्हा मी चर्चच्या गायनमंडळाच्या सरावाला होते. तेव्हापासून ओठ शिवून टाकल्यासारखे होते. उपासनेत सगळे गायचे आणि मी तीच एक क्षमा पुन्हा पुन्हा मागत बसायचे. काल पाळकबाईंनी मला धरलंच. "अगं, ख्रिस्तानं तुझी शिक्षा स्वतः भोगली, तुला सोडवलं. दार उघडं असताना कोठडीत कसली बसतेस? पवित्र आत्मा नेईल तिकडे जा की!"

तेव्हा काही पटेना. पण आज गाणं आपसूक आलं, आणि पाठोपाठ तू आठवलीस. आतून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं.

"तू गाण्याला गेलीस म्हणून आई एकटी गेली," असं म्हणून तू बोलणं टाकलंस. पण ताई, तूही तेव्हा औषध आणायला बाहेर होतीस ना? तूही त्या कोठडीतून सुटलीस, हे तुला कुणी सांगितलं का गं?

हे पत्र पोस्टात टाकून वाट बघत बसायला आता धीर नाही. इस्त्री बंद केलीय, चपला पायात आहेत. तू दार उघडलंस की आधी गाणार, मग दोघी मिळून रडू.

पुन्हा चिवचिवणारी,
तुझी चिमणी