मावशीचा हिरवा ठिपका

४ मार्च

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

तुझ्या ठकूला अखेर बढती मिळाली. आता ऑफिसात मी शहराचा नकाशा करते. कुठे किती लहान मुलं आहेत आणि चालत दहा मिनिटांत पाळणाघर सापडतं का, ते बघायचं. सापडलं तर हिरवा ठिपका, नाहीतर लाल. लाल भागात नवी पाळणाघरं निघणार. तू गल्लीतली पोरं सांभाळतेस, म्हणून तुझं घर मी स्वतः हिरवं केलं, मुलं अकरा! ऊर भरून आला. गुडघ्याचं ऑपरेशन कधी? टाळाटाळ पुरे.

लोभात काटछाट नसावी.
तुझी ठकू

११ मार्च

चि. ठकूस, अ. उ. आ.

शहाणे, चांगलं गोत्यात आणलंस! आपल्या गल्लीतल्या आया पाळणाघर मागायला तुमच्या ऑफिसात गेल्या, तर तुमच्याकडे सोय आहे म्हणून त्यांना वाटेला लावलं. ती सोय म्हणजे मी! मी आडवी झाले तर पोरांना कोण बघणार, म्हणून तर ऑपरेशन तीन वर्षं लांबलंय. आता आणखी थांबलात तर काठी जन्माची, असं डॉक्टरांनी बजावलंय. कौतुक पोचलं, आता मला नकाशावरून पूस.

तुझी लंगडी मावशी

१६ मार्च

ती. मावशीस, सा. न.

मायेपोटी घोडचूक झाली, कान धरते. पण मनाला येईल तसं पुसता येत नाही. उद्या नवीन मूल आलं तर घ्याल का, याचं लेखी उत्तर लागतं. तेवढं ‘नाही’ लिहून पाठव. तुझ्या तोंडून तो शब्द मी तरी कधी ऐकलेला नाही.

ठकू

२१ मार्च

चि. ठकूस, अ. आ.

‘नाही’ लिहिलं, सकाळीच टाकलं. दुपारी कोपऱ्यावरची नर्स सात महिन्यांची पोर घेऊन दारात उभी, अगदी रडकुंडीला आलेली. आता बारा झाली. सकाळी मी खोटं लिहिलं नव्हतं गं. दुपारचं तुझ्या साहेबांना सांगू नकोस.

मावशी

३ एप्रिल

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

सांगितलं! साहेब आधी पोट धरून हसले. मग एका दुखऱ्या गुडघ्यावर बारा पोरं, याला सोय म्हणत नाहीत, म्हणाले. आता एकट्या बाईचं घर मोजायचं नाही असं ठरलं. शहरात तुझ्यासारख्या चौतीसजणी निघाल्या. तुमच्या गल्लीचं पाळणाघर मंजूर झालं, दोन महिन्यांत उघडेल.

तोवर थांबायचं नाही, डॉक्टरांकडून दहा तारीख मी घेतली आहे. बाराजणांसाठी नकाशावर जागा शोधली, तासाभराच्या वाटेवरही मिळाली नाही. म्हणून मीच रजा टाकली. सोमवारी पोचते. मला तान्ह्या बाळाचं काही म्हणता काही येत नाही, भीती वाटते, पण तू पलंगावरून ओरडशीलच.

तोवर तेरावं घेऊ नकोस.

तुझी ठकू