काळविटाच्या माद्यांवरचे ठिपके

अमरावती, पौष वद्य तृतीया

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. रोजनिशीत मी पावसापाण्याचं, कोर्टातल्या तारखांचं सगळं लिहीत आलो, तुम्हाला मात्र एक ओळ लिहिली नाही. त्याबद्दल क्षमा करा. काल अकोल्याला त्या कापसाच्या व्यापाऱ्याकडे जाणं झालं. दिवाणखान्यात आपल्या स्टुडिओत फोटोवर हाताने रंगवलेलं हरणांचं मोठं चित्र अजून भिंतीवर आहे. त्यांच्या घरच्या म्हाताऱ्या आजी म्हणाल्या, "पाहा ना वकीलसाहेब, रंग कसे जित्ते हायेत. तुमच्या बहिणीचा हात ना हा?" मी हो म्हणालो. फोटो कोणी काढला, हे त्यांनी विचारलं नाही, आणि या वयातही मला ते लागलं.

फोटो माझा. नागपूरच्या कॉलेजातून सुटीत आलो होतो. दर्यापूरकडच्या त्याच व्यापाऱ्यांच्या तुरीच्या वावरात तीन पहाटे तुमचा जड कॅमेरा घेऊन गोणपाटाखाली बसलो. पहिले दोन दिवस काळविटाच्या दोन माद्या लांबूनच चरून गेल्या, तिसऱ्या दिवशी त्या धुऱ्याच्या बांधावर येऊन थांबल्या. फोटोची काच धुऊन तुमच्यापुढे धरली, तेव्हा तुम्ही ती उजेडाकडे करून पाहिलीत आणि म्हणालात, "बरी आली. आता ताई जीव भरन हिच्यात." नवरा गेल्यावर ताई माहेरी आली, तुम्ही तिच्या हाती कुंचला दिलात, आणि वर्षभरात गिऱ्हाइकं तिच्याच हातचे रंग मागू लागली. मला तुम्ही कुंचल्याला हात लावू दिला नाही. "तू शीक. तुले काय करायचा हा धंदा?" एवढंच.

काचेवर माद्या बोटाएवढ्या होत्या. भिंतीसाठी फोटो वाढवला तेव्हा त्यांचं अंग रवाळ झालं, डागडाग दिसू लागले. ताई खिडकीशी बसून बशीत तांबूस रंग कालवते आहे. रानातलं हरण तिने कधी पाहिलेलं नाही. "काऊन रे, हे डाग फोटोचे हायेत का याच्या अंगावरच ठिपके हायेत?" मी म्हणतो, "ठिपकेच हायेत. पाठभर असतेत." ती म्हणते, "बरं झालं तुले इचारलं." आणि मन लावून एकेक पांढरा ठिपका ठेवत जाते.

तुम्ही तेव्हा तापाने पडून होतात. चित्र पाहिलंत ते व्यापारी न्यायला आले त्याच दिवशी. ते हसत म्हणाले, "मास्तर, आमच्या वावरातल्या हरणाले चितळाचं कातडं कोणं चढवलं?" घरात आवडेल म्हणून चित्र घेऊन गेले, पण तुमचा चेहरा उतरला तो उतरलाच. आत येऊन तुम्ही ताईला म्हणालात, "डोये मिटून रंगवत होती का? कोणाले इचारता नाही आलं?" मी दारात उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "नाही इचारलं, बाबा. चुकलं माहं."

त्यानंतर तुम्ही तिला मोठं चित्र दिलं नाहीत. दोन वर्षांनी ती अचलपूरला मुलींच्या शाळेत शिकवायला गेली, आणि तुम्ही गेलात ते तिला निष्काळजी समजून. तिची समजूत वेगळी आहे. आपल्या भावालाही ठिपक्यांचं ठाऊक नव्हतं, तो नकळत चुकला, कॉलेजात शिकणाऱ्याचं हसं नको, म्हणून ती गप्प राहिली.

मला ठाऊक होतं. तीन दिवस त्या माद्यांकडे पाहत बसलो होतो मी. मस्करी केली, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण रंग वाळायला चार दिवस लागले, आणि त्या चार दिवसांत मी रोज तिच्या शेजारी बसून जेवलो. काल आजींनी रंगांचं कौतुक केलं, तेव्हाही आधी हेवाच वाटला. लाज मागून आली, परतीच्या गाडीत, बडनेरा जवळ आल्यावर.

हा कागद रोजनिशीतच राहील.

उद्या: सकाळच्या मोटारीने अचलपूर. ताईला सांगणे, मला ठाऊक होतं.